चार शहरांतले चार मित्र आणि डिस्क गोल्फची दोन दिवसांची सहल : नियोजन कसे करावे?

साखळीनाद (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही चौघे शिकत असताना एकाच ठिकाणी राहत होतो आणि आठवड्यातून निदान दोनदा जवळच्या कोर्सवर डिस्क गोल्फ, म्हणजे चकती कमीत कमी फेकांत साखळ्यांच्या बास्केटमध्ये घालण्याचा खेळ, खेळत होतो. आता नोकरी आणि संसार यांमुळे चौघेही चार वेगवेगळ्या शहरांत आहोत. तिघांची शहरे एकमेकांपासून दोन-तीन तासांच्या टप्प्यात आहेत; चौथा मित्र मात्र आम्हा तिघांपासून साधारण आठ तासांच्या प्रवासावर राहतो. वर्षातून एकदा तरी शनिवार-रविवार गाठून एकत्र खेळायचे, असे आम्ही ठरवले आणि गेल्या वर्षी पहिली सहल केलीही. ती सहल ज्या रीतीने पार पडली, तिच्यामुळेच हा धागा काढत आहे.

गेल्या वर्षीचे सगळे नियोजन माझ्याकडे होते. मी नकाशावर चार शहरे मांडली, बहुतेकांना जवळ पडेल असा एक नावाजलेला अठरा होलचा, म्हणजे अठरा बास्केट असलेला, कोर्स निवडला आणि दोन दिवसांत चार फेऱ्या बसवल्या. चौथा मित्र शुक्रवारी काम संपवून निघाला, रात्रभर प्रवास करून शनिवारी पहाटे पोहोचला आणि जेमतेम दोन तास पाठ टेकून सकाळी सात वाजता आमच्याबरोबर पहिल्या टीवर (होलची पहिली फेक जेथून करतात त्या जागेवर) उभा राहिला. त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही. दुसऱ्या फेरीच्या अकराव्या होलवर त्याने पूर्ण ताकदीने फोरहँड (हात बाजूने पुढे आणून करायची फेक) फेकला आणि डिस्क हातातून सुटताच डाव्या हाताने उजवा खांदा धरला. उरलेले सात होल तो आमच्याबरोबर चालला, झुडपांत गेलेल्या आमच्या डिस्क शोधून देत राहिला, पण स्वतः खेळला नाही. रविवारी सकाळी आम्ही तिघे तिसरी फेरी खेळत असताना तो परतीच्या प्रवासाला लागला होता.

यंदा मी तारखा विचारल्या, तेव्हा त्याचे उत्तर आले, "तुम्ही तिघे ठरवा, मला जमले तर येईन." तो असे तुटक बोलणारा माणूस नाही, म्हणून ते उत्तर मनाला लागले. चूक माझ्या आखणीची होती, हे मला कळले आहे. ती नेमकी कुठे होती आणि ती कशी सुधारायची, हे मात्र अजून नीट उलगडलेले नाही. ठिकाण कोणत्या हिशोबाने निवडावे, दोन दिवसांत किती खेळावे, आणि चौघांच्या खेळात बरीच तफावत असताना सामना कसा लावावा, याबद्दल ज्यांनी अशा सहली केल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. तफावतीचे सांगायचे तर आमच्यातली एक मैत्रीण स्पर्धा खेळते, मी दर आठवड्याला खेळते, एक मित्र महिन्यातून एकदा खेळतो आणि चौथ्याने गेल्या सहलीनंतर डिस्क हातात धरलेली नाही.

मैदानवाट

तुमची चूक नकाशापाशीच झाली, असे मला वाटते. "बहुतेकांना जवळ" हे माप ऐकायला न्याय्य वाटते, पण चारपैकी तिघे एकाच बाजूला असले की ते माप प्रत्येक वेळी त्या तिघांच्याच बाजूने कौल देते. आकडे मांडले की हे लगेच दिसते.

समजा पहिल्या ठिकाणी पोहोचायला चौघांना अनुक्रमे २, २, ३ आणि ८ तास लागतात. एकूण बेरीज १५ तास. दुसरे ठिकाण असे आहे की तेथे ४, साडेचार, ४ आणि ५ तास लागतात. बेरीज साडेसतरा तास. बेरजेकडे पाहिले तर पहिले ठिकाण चांगले ठरते, पण तेथे एका माणसाचे जाऊन-येऊन १६ तास रस्त्यावर जातात. शुक्रवारी संध्याकाळी सहापासून रविवारी रात्री दहापर्यंत एकूण ५२ तास असतात. त्यांतून १६ तास प्रवास आणि दोन रात्रींची १६ तास झोप वजा केली, तर त्याच्या हातात २० तास उरतात, आणि तेही रात्रभर गाडीत बसून झोप झाली असे धरले तरच. दुसऱ्या ठिकाणी त्याचा प्रवास १० तासांचा होतो आणि हातात २६ तास राहतात. तुम्हा तिघांचा प्रवास वाढतो खरा, पण कोणाचाही पाच तासांच्या पुढे जात नाही. म्हणून ठिकाण निवडताना बेरीज पाहू नये. सर्वांत जास्त प्रवास करणाऱ्याला किती तास लागतात तो एकच आकडा पाहावा आणि तो जितका खाली आणता येईल तितका आणावा.

अंतर किलोमीटरमध्ये मोजण्याचाही मोह टाळावा. घराच्या दारापासून पहिल्या टीपर्यंत किती तास लागतात, हेच मोजावे. विमानाचे दीड तासाचे उड्डाण कागदावर लहान दिसते, पण विमानतळापर्यंत जाणे, तेथे थांबणे, उतरल्यावर पुन्हा कोर्सपर्यंत पोहोचणे हे सगळे धरले की त्याचे सहज पाच-सहा तास होतात. उलट चार तासांचा थेट रेल्वेप्रवास कितीतरी सुसह्य असतो, कारण त्यात माणसाला झोपता येते. स्वतः गाडी चालवत येणाऱ्याचे चार तास आणि शेजारी बसून येणाऱ्याचे चार तास हेही सारखे नव्हेत.

उतारावरची_टी

मैदानवाट यांचा हिशोब पटला, तरी मी तो दरवर्षी वापरणार नाही. मध्यावरचे ठिकाण हे अनेकदा कोणाचेच ठिकाण नसते. तेथील कोर्स कोणालाच माहीत नसतो, राहण्याची सोय शोधावी लागते, आणि एखाद्याला ऐनवेळी अडचण आली तर सगळाच बेत मोडतो. आमच्या पाच जणांच्या गटात आम्ही पाळी लावली आहे : प्रत्येक वेळी एकाच्या गावी जायचे. ज्याच्या गावी जायचे त्याचा प्रवास शून्य, आणि कोर्सची सगळी माहिती त्याच्याकडे. तुमच्या गटात लांबच्या मित्राला चार वर्षांतून एकदा यजमान होता येईल, आणि उरलेल्या तिघांना त्याचा आठ तासांचा रस्ता एकदा तरी स्वतः अनुभवता येईल. तुमच्या बाबतीत तर पहिली पाळी त्याचीच असावी, असे मी आग्रहाने म्हणेन. ज्याने गेल्या वर्षी रात्रभर प्रवास केला, त्याच्या दारात यंदा तिघांनी जाऊन उभे राहावे.

एक गोष्ट मात्र त्याला आधी विचारावी. काहींना यजमानपणाचे ओझे वाटते, घरी अडचण असते, आणि अशा वेळी "आम्ही तुझ्याकडे येतो" हे प्रेमाने म्हटलेले वाक्यसुद्धा जड होते.

पहिला_फेका

मी खांद्याच्या दुखापतीबद्दल लिहितो, कारण मी स्वतः त्यातून गेलो आहे आणि माझे आठ महिने त्यात गेले.

दोन दिवसांत चार फेऱ्या हे कोणासाठीही फार आहे. मध्यम दर्जाच्या खेळाडूच्या अठरा होलच्या फेरीत साठच्या आसपास फेका होतात. चार फेऱ्यांच्या २४० झाल्या. त्यांतल्या बऱ्याच फेका जवळून केलेल्या पटच्या, म्हणजे डिस्क बास्केटमध्ये घालण्याच्या, असतात हे मान्य, पण टीवरच्या फेका पूर्ण ताकदीच्या असतात आणि त्याच सत्तरच्या वर जातात. दर आठवड्याला खेळणाऱ्याचे शरीर हे सोसते. महिनोन्महिने न खेळलेल्याचे सोसत नाही, आणि अडचण अशी की त्याचे तंत्र त्याच्या लक्षात असते. मनाला सत्तर मीटरची फेक आठवत असते, हात मात्र तिच्यासाठी तयार नसतो. त्यात झोप झालेली नसेल, तर कंबर आणि पाय उशिरा वळतात आणि सगळा भार खांद्यावर आणि कोपरावर येतो. तुमच्या मित्राच्या बाबतीत हेच झाले असावे.

म्हणून शनिवारी दोन आणि रविवारी एक, यापेक्षा जास्त फेऱ्या ठरवू नयेत. आणि शनिवारची दुसरी फेरीही ज्याला हवी त्यानेच खेळावी. पहिल्या फेरीआधी वीस मिनिटे राखून ठेवावीत. सुरुवात पटरने (जवळच्या फेकीच्या डिस्कने) दहा-पंधरा मीटरवरून एकमेकांकडे फेकत करावी, मग मिडरेंज (मध्यम अंतराची डिस्क), आणि ड्रायव्हरला (लांब फेकीच्या डिस्कला) हात सर्वांत शेवटी लावावा. ज्याचा खांदा दुखावला होता त्याने फोरहँड फेकण्याआधी आपल्या डॉक्टरांचा किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. त्याला सहलीच्या सहा आठवडे आधी कळवले, तर त्याला आठवड्यातून दोनदा घराजवळच्या एखाद्या मोकळ्या जागेत हलक्या फेका करता येतील, आणि तेवढ्यानेही फार फरक पडतो.

साखळीनाद (धागाकर्ती)

तिघांचेही मनापासून आभार. मैदानवाट, तुम्ही दिलेले आकडे जवळजवळ आमचेच आहेत, आणि ते असे समोर पाहिल्यावर मला अपराधी वाटले. मी गेल्या वर्षी बेरीजच पाहिली होती.

उतारावरची_टी, तुमच्या सांगण्यावरून काल रात्री मी त्याला फोन केला. "आम्ही तिघे तुझ्याकडे येऊ का?" असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की घरी वडिलांची प्रकृती बरी नसल्याने कोणाला घरी बोलावणे सध्या शक्य नाही, पण चार-पाच तासांच्या अंतरावर कुठेही तो आनंदाने येईल. गेल्या वर्षीच्या खांद्याचा विषय मी काढला, तेव्हा त्याने सांगितले की दुखण्यापेक्षा त्याला एका गोष्टीचे अधिक वाईट वाटले होते : रविवारी सकाळी निघताना आम्ही तिघे आठव्या होलवर होतो आणि त्याला निरोप द्यायला कोणी थांबले नाही. मला ते आठवतही नव्हते. आता यंदा मध्यावरचे ठिकाण घ्यायचे हे नक्की झाले आहे, फक्त कोर्स निवडायचा आहे. चार-साडेचार तासांच्या टप्प्यात तीन कोर्स दिसतात. त्यांतला कोणता घ्यावा, हे कशावरून ठरवावे?

हिरवळ_१८

कोर्सची निवड करताना बहुतेक जण आधी त्याचा लौकिक पाहतात. मी आधी टी पाहते. ज्या कोर्सवर प्रत्येक होलला लांबची आणि जवळची अशा दोन किंवा तीन टी असतात, तो तुमच्यासारख्या गटाला सर्वांत चांगला, कारण स्पर्धा खेळणारी मैत्रीण लांबच्या टीवरून आणि विश्रांतीनंतर परतणारा मित्र जवळच्या टीवरून एकाच होलवर एकत्र खेळू शकतो. एकच लांब टी असलेला, पाण्यावरून फेकावे लागणारा, गाजलेला कोर्स दोघांना आनंद देतो आणि दोघांना दिवसभर डिस्क शोधायला लावतो.

यूडिस्क या ॲपवर होलची लांबी, मांडणी, छायाचित्रे आणि खेळून आलेल्यांनी नोंदवलेली कोर्सची अलीकडची स्थिती पाहता येते. त्यातले सर्वांत ताजे अभिप्राय आधी वाचावेत. पावसानंतर कुठे चिखल राहतो, गवत कापलेले आहे का, दिशादर्शक पाट्या आहेत का, हे त्यांतून कळते. पाट्या नसलेल्या अनोळखी कोर्सवर पुढची टी शोधण्यातच अर्धा तास जातो. त्या शनिवार-रविवारी तेथे स्पर्धा आहे का, हे कोर्स सांभाळणाऱ्या क्लबला विचारून घ्यावे. आम्ही एकदा साडेपाच तास प्रवास करून गेलो आणि पहिल्या टीवर सत्तर स्पर्धकांची रांग पाहून परत फिरलो.

वेळेचा हिशोबही येथेच करावा. चौघांच्या गटाला ओळखीच्या मोकळ्या कोर्सवर एका होलला दहा मिनिटे धरली, तर अठरा होलला तीन तास लागतात. झाडीतल्या अनोळखी कोर्सवर बारा मिनिटे धरावीत. म्हणजे छत्तीस मिनिटे वाढली. सूर्यास्ताच्या वेळेतून मागे मोजत जाऊन दुसरी फेरी केव्हा सुरू व्हायला हवी ते ठरवावे. झाडीत अंधार उघड्यापेक्षा लवकर होतो आणि गडद रंगाची डिस्क पानांत दिसेनाशी होते. रविवारचा हिशोब तर उलट्या दिशेनेच करायचा असतो : सर्वांत लांबच्या माणसाला रात्री किती वाजता घरी पोहोचायचे आहे, तेथून सुरुवात करून त्याचा प्रवास वजा करावा, आणि जी वेळ येईल तिच्या एक तास आधी शेवटची फेरी संपवावी. तो एक तास निरोपासाठी ठेवावा, असे तुमचे वरचे लिहिणे वाचून वाटले.

मैदानवाट

हिरवळ_१८ यांना अनुमोदन. त्यात एक भर घालतो. तीनही कोर्स मनासारखे नसतील, तर ठिकाण बदलण्याआधी घडीची बास्केट सोबत नेण्याचा विचार करावा. हा खेळ मुळात बास्केटसाठी थांबलेला नव्हता. लोक झाडांना, खांबांना लक्ष्य करून फेकतच होते. एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्क येथे पहिला कायमस्वरूपी कोर्स उभा केला, तेव्हा तेथेही सुरुवातीला खांबच लक्ष्य होते; साखळ्या आणि टोपली असलेली बास्केट त्यांनीच पुढे आणली. १९७६ मध्ये त्यांनी पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना स्थापन केली. तेव्हा राहण्याच्या ठिकाणाजवळ मोकळी जागा असेल आणि तेथे फेकायला परवानगी असेल, तर शनिवारी संध्याकाळी एका घडीच्या बास्केटवर तासभर पटिंग करणे हाही पुरेसा खेळ आहे. दुखऱ्या खांद्याच्या माणसाला त्यात बरोबरीने भाग घेता येतो.

चौथी_जोडी

सामना कसा लावावा या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, आणि माझ्या मते सहल आनंदाची होणार की नाही हे त्यावर फार अवलंबून असते. चौघांनी आपापला गुणफलक ठेवून खेळायचे म्हटले, तर सहाव्या होलपर्यंत कोण जिंकणार हे कळलेले असते. मग पुढे चालणारा पुढे चालत राहतो आणि मागचा त्याला उशीर होऊ नये म्हणून घाईने फेकतो. घाईच्या फेकीतून दुखापत होते आणि डिस्क हरवते.

तुम्ही चौघेच आहात, हे तुमचे मोठे भाग्य आहे. चार माणसांच्या दोन-दोनच्या जोड्या नेमक्या तीन प्रकारे लागतात. अठरा होलचे तीन भाग केले की प्रत्येक भागाला सहा होल येतात. म्हणून पहिले सहा होल एका जोडणीने, पुढचे सहा दुसऱ्या आणि शेवटचे सहा तिसऱ्या जोडणीने खेळावेत. फेरी संपेपर्यंत प्रत्येक जण उरलेल्या तिघांचा सहा-सहा होल जोडीदार झालेला असतो. खेळण्याची पद्धत अशी : जोडीतले दोघेही टीवरून फेकतात, ज्याची डिस्क चांगल्या जागी पडली ती जागा घ्यायची, आणि तेथून पुन्हा दोघांनी फेकायचे. जोडीचा जो गुण होईल तो दोघांच्याही नावावर लिहायचा. शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकला. यात स्पर्धा खेळणारी मैत्रीण सर्वांना सहा-सहा होल मिळते, त्यामुळे कोणाला झुकते माप मिळत नाही.

या पद्धतीचा खरा गुण मात्र खेळताना कळतो. ज्याला लांब फेकता येत नाही, तो जोडीदाराच्या फेकीवरून बास्केटजवळ पोहोचतो, आणि आठ मीटरवरचा पट कोणालाही घालता येतो. माझ्या मेहुणीने तिच्या पहिल्याच फेरीत असे चार पट घातले होते, आणि त्या दिवसापासून आमच्या गटात ती सर्वांत आधी तारीख विचारते.

नियमांबद्दल निघण्याआधीच बोलून घ्यावे, कारण वेगवेगळ्या शहरांत राहून प्रत्येकाला आपापल्या गटाच्या सवयी लागलेल्या असतात. पीडीजीएच्या नियमांनुसार बास्केटपासून दहा मीटरच्या आत पट केल्यावर तोल सावरल्याचे दाखवल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. हरवलेली डिस्क तीन मिनिटांत सापडली नाही तर एका फेकीचा दंड बसतो. आणि फेकण्यासाठी तीस सेकंद मिळतात. मित्रांच्या फेरीत यांतले काय पाळायचे आणि काय सोडायचे हे तुमचे तुम्ही ठरवावे, पण ते पहिल्या टीवर ठरलेले असावे. बाराव्या होलवर नियमाचा वाद निघाला की जुनी मैत्रीसुद्धा तेवढ्यापुरती आंबट होते.

वाऱ्याची_दिशा

सामानाबद्दल थोडे. एका डिस्कचे वजन साधारण १५० ते १८० ग्रॅम असते. वीस डिस्कची पिशवी साडेतीन किलोपर्यंत जाते, आणि रेल्वेने किंवा विमानाने येणाऱ्याने ती सगळी आणण्याचे कारण नाही. दोन पटर, दोन मिडरेंज, तीन-चार ड्रायव्हर इतक्यात काम होते. त्यांचे वजन दीड किलोच्या आत राहते. मोठी पिशवी गाडीने येणाऱ्याने आणावी आणि तिच्यातून सर्वांनी घ्यावे. जिच्यावर जीव आहे आणि जी आता मिळत नाही, अशी डिस्क अनोळखी कोर्सवर आणू नये. प्रत्येक डिस्कच्या तळावर फोन क्रमांक ठळक अक्षरांत पुन्हा लिहून आणावा, कारण जुनी शाई हाताच्या घामाने पुसट होते. कोरडा पंचा प्रत्येकाकडे दोन तरी असावेत. चकचकीत टिकाऊ प्लॅस्टिकच्या डिस्क ओल्या झाल्या की हातातून निसटतात, त्या मानाने साध्या प्लॅस्टिकच्या डिस्कवर पकड चांगली बसते.

तुम्ही चौघे निरनिराळ्या हवामानांतून येणार आहात, म्हणून आणखी एक सांगतो. कोर्स तुमच्या शहरांपेक्षा बराच उंचावर असेल, तर विरळ हवेमुळे डिस्क आपल्या सवयीपेक्षा लवकर आणि अधिक कडेला वळून खाली येते. उजव्या हाताच्या बॅकहँडला (हात शरीरासमोरून आडवा आणून केलेल्या फेकीला) ती डावीकडे झुकते. थंडीत प्लॅस्टिक कडक होते आणि पकड बदलते. समोरून वारा असेल तर तीच डिस्क उलट बाजूला, म्हणजे उजवीकडे, वळू पाहते. हे आधी माहीत असले की पहिल्या तीन-चार होलवर "माझा हातच गेला" असे वाटून माणूस खचत नाही. तुमच्या परतणाऱ्या मित्राला हे मुद्दाम सांगा.

उतारावरची_टी

तारखेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून पुन्हा येते. चौघांना "कधी जमेल?" असे विचारू नका. त्याला उत्तर येत नाही, आणि आले तर ते "बघू" असे येते. तीन नेमके शनिवार-रविवार समोर ठेवा, प्रत्येकापुढे जमेल की नाही एवढेच लिहायला सांगा, आणि उत्तरासाठी एक शेवटचा दिवस द्या. त्या दिवशी संध्याकाळी एका माणसाने निर्णय जाहीर करावा. सर्वांच्या संमतीची वाट पाहत बसलेले बेत मी बरेच पाहिले आहेत. ते मोडत नाहीत, नुसते विरून जातात.

पहिला_फेका

येथे मी असहमत आहे. निर्णय एकानेच जाहीर करावा हे बरोबर, पण गेल्या वर्षी सगळे एकीच्याच हाती होते आणि त्यातूनच हे घडले. माझ्या मते कामे वाटावीत : कोर्स एकाने ठरवावा, राहण्याची सोय दुसऱ्याने पाहावी, आणि वेळापत्रक सर्वांत लांबून येणाऱ्याने लिहावे. ज्याचा प्रवास मोठा, त्याच्या हाती घड्याळ असावे. तो स्वतःसाठी पहाटे सातची टी कधीच लिहिणार नाही.

साखळीनाद (धागाकर्ती)

पहिला_फेका, तुमचे शेवटचे वाक्य मी जसेच्या तसे आमच्या गटात पाठवले, आणि वेळापत्रक त्यानेच लिहिले. ते असे आहे : शुक्रवारी चौघांनीही अर्धी रजा घेऊन दुपारी निघायचे आणि रात्री नऊपर्यंत पोहोचायचे. शनिवारी पहिली फेरी साडेनऊला. दुपारी तीन तास मोकळे. दुसरी फेरी नऊच होलची, आणि ती ऐच्छिक. रविवारी आठ वाजता जोड्यांची फेरी, साडेअकरापर्यंत संपवायची, आणि साडेबाराला सर्वांनी एकाच वेळी निघायचे. "एकाच वेळी" हे शब्द त्याने अधोरेखित केले आहेत. तीन कोर्सपैकी ज्याला दोन-दोन टी आहेत तो घेतला आहे. स्पर्धा खेळणाऱ्या मैत्रिणीने तेथील क्लबला विचारून खात्री करून घेतली आहे. सहलीला सात आठवडे आहेत; परत आल्यावर येथे लिहीन.

साखळीनाद (धागाकर्ती)

कालच परतलो, आणि कबूल केल्याप्रमाणे लिहीत आहे.

सगळे ठरल्यासारखे झाले नाही. शनिवारी दुपारी जोराचा पाऊस आला आणि ऐच्छिक फेरी आपोआप रद्द झाली. त्या वेळात आम्ही राहण्याच्या जागेच्या पडवीत घडीची बास्केट लावली आणि पाच मीटरवरून पटिंग करत बसलो. प्रत्येकाने दहा-दहा पट फेकायचे, असे करत करत अंधार झाला. चौथ्या मित्राने गेले सात आठवडे घराजवळ सराव केला होता, हे त्याने तोपर्यंत सांगितले नव्हते; एका डावात त्याने दहापैकी नऊ घातले तेव्हा ते उघड झाले.

रविवारी सकाळी साखळ्यांवर अजून पाणी होते. तिसऱ्या जोडणीत तो आणि मी एकत्र आलो. चौदाव्या होलवर माझी टीवरची फेक बास्केटपासून साधारण नऊ मीटरवर, एका झाडाच्या बुंध्याजवळ पडली, आणि त्याची डिस्क त्याहून मागे राहिली. आम्ही माझी जागा घेतली. पहिला पट माझा होता. डिस्क साखळ्यांना लागली आणि टोपलीच्या कडेवरून बाहेर पडली. त्याने पंच्याने पटर पुसला, बुंध्याच्या डावीकडून एक पाय बाहेर काढून वाकला, थोडा वेळ तसाच थांबला आणि फेकला. डिस्क मधल्या दांड्यावर आदळून टोपलीत बसली आणि साखळ्यांतले पाणी खाली झडले. तो दोन्ही पायांवर नीट उभा राहीपर्यंत हलला नाही. दहा मीटरच्या नियमाची आठवण त्यालाच होती. खांदा दुखला का, असे मी विचारले, तर म्हणाला, "आज फोरहँड एकही फेकला नाही, आणि एकदाही लागला नाही."

बेरजेत स्पर्धा खेळणारी मैत्रीण पहिली आली आणि तो एका गुणाने दुसरा. माझी एक निळी डिस्क सहाव्या होलच्या झाडीत राहिली. तळावर क्रमांक लिहिलेला आहे, त्यामुळे आशा आहे. साडेबाराला चारही जण गाड्यांपाशी उभे होतो. उतारावरची_टी यांच्या सांगण्याप्रमाणे पुढच्या वर्षीचे तीन शनिवार-रविवार मी तेथेच वाचून दाखवले, तिघांनी हो-नाही सांगितले, आणि तारीख त्याने त्याच्या वहीत लिहून घेतली. वडिलांची प्रकृती सुधारली, तर पुढच्या वेळी आम्ही त्याच्या गावच्या कोर्सवर जाणार आहोत.

आता त्याचाच एक प्रश्न येथे विचारते : त्याच्या गावचा कोर्स नऊच होलचा आहे आणि त्याला एकच टी आहे. तो दोनदा खेळून अठरा होल करताना दुसऱ्या वेळी तात्पुरत्या वेगळ्या टी लावाव्यात, असा विचार आहे. असे कोणी केले असल्यास टी कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर घेतल्या, ते कृपया लिहावे.

हिरवळ_१८

आम्ही दोनदा केले आहे. टी केवळ मागे किंवा पुढे सरकवू नका, होलचा कोन बदला. पहिल्या वेळी डावीकडे वळणारा होल दुसऱ्या वेळी उजवीकडून उघडला, तर दुसऱ्याच प्रकारची फेक लागते आणि नऊ होल खरोखरच अठरा वाटतात. तात्पुरती टी शेजारच्या होलच्या वाटेत किंवा माणसांच्या पायवाटेकडे तोंड करून येत नाही ना, हे पाहावे, जमीन सपाट आणि कोरडी असावी, आणि तिच्या दोन्ही कोपऱ्यांना लहान निशाणे रोवावीत. फेरी संपल्यावर ती आठवणीने काढून घ्या. कोर्स सांभाळणाऱ्यांना आधी विचारलेत तर ते बहुधा स्वतःच चांगल्या जागा दाखवतील.